स्पीकर ४ ओहमचे, रिसीव्हर ८० वॉटचा

प्रश्न : माझ्या पुढच्या दोन स्पीकरांवर ‘४ ओहम, सेन्सिटिव्हिटी ८६ डेसिबल, शिफारस २० ते १५० वॉट’ असे लिहिले आहे. होम थिएटरचा रिसीव्हर (स्पीकरांना वीज पुरवणारा अँप्लिफायर) मात्र ८ ओहमला, दोन चॅनेल चालू असताना, प्रत्येकी ८० वॉट देणारा आहे. मी स्पीकरांपासून ३ मीटरवर बसतो. १५० वॉटचा रिसीव्हर घ्यायलाच हवा, असे मला सांगण्यात आले. ते खरे आहे का?

उत्तर : नाही. १५० हा आकडा स्पीकर किती सोसू शकतो ते सांगतो; तेवढे वॉट त्याला द्यावेच लागतात, असा त्याचा अर्थ होत नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक व्होल्टला स्पीकर किती मोठा आवाज देतो ते, बहुधा २.८३ व्होल्ट देऊन १ मीटरवर मोजलेली असते. आपला रिसीव्हर सुमारे २५ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे ८६ वर आणखी १९ डेसिबल चढून बेरीज १०५ होते. ३ मीटर अंतरात त्यातले जास्तीत जास्त साडेनऊ डेसिबल गळतात (बंद खोलीत भिंतींमुळे त्याहून कमीच), तेव्हा एकट्या स्पीकरचे ९५-९६ डेसिबल तरी आपल्या कानांपर्यंत पोहोचायला हवेत, आणि घरात एवढा आवाज फार थोड्यांना सोसवतो. १५० वॉटचा रिसीव्हर आणलात तरी जेमतेम पावणेतीन डेसिबल वाढतील. आवाज दुप्पट मोठा भासायला साधारण दहापट वॉट लागतात.

मला काळजी वाटते ती ४ ओहमची. ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती विरोध करतो त्याचे माप. तेवढ्याच व्होल्टला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट करंट ओढतो, आणि वरचा सगळा हिशेब रिसीव्हर तो करंट पुरवू शकला तरच खरा ठरतो. त्यातून होम थिएटरचे पाचही चॅनेल एकदम जोरात वाजू लागले की प्रत्येकाच्या वाट्याला ८० वॉट येत नाहीत. म्हणून पुढच्या चॅनेलना ४ ओहमचे स्पीकर चालतात का, हे रिसीव्हरच्या पुस्तिकेत आधी पाहावे. रिसीव्हरच्या मागे ओहम निवडण्याची सोय असली, तर ती ४ वर ठेवल्याने ताकद वाढत नाही. रिसीव्हर तापू नये म्हणून व्होल्टेज उलट कमी केले जाते. ८० वॉट कसे मोजले आहेत, तेही वाचावे. २० ते २०,००० हर्ट्‌झ आणि ०.१ टक्क्याहून कमी विकृती (मूळ आवाजात होणारा बिघाड), असे लिहिले असेल तर आकडा विश्वासाचा आहे. नुसते १ किलोहर्ट्‌झ आणि १० टक्के विकृती असेल, तर तो फुगवलेला समजावा.

स्पीकर बिघडतात ते बहुतेकदा रिसीव्हरला त्याच्या आवाक्याबाहेर ताणल्यामुळे. अशा वेळी लाटेचे शेंडे छाटले जातात, संवादातले ‘स’ आणि ‘श’ खरखरीत, कानाला टोचणारे होतात आणि सर्वांत आधी ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळण्याचा धोका असतो. तसे ऐकू आले की आवाज लगेच कमी करावा.

सबवूफर (फक्त खालच्या सुरांचा स्पीकर) असल्यास रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये पुढचे स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा, ८० हर्ट्‌झवर ठेवावा. खालच्या सुरांचा जड भार मग सबवूफरचा स्वतःचा अँप्लिफायर उचलतो आणि रिसीव्हरला मोठा आराम मिळतो. रिसीव्हरच्या वर हवेला मोकळी जागा असावी. पुस्तिकेत ४ ओहमला मनाई असेल आणि मागे प्री-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल देणारे सॉकेट) असतील, तर सध्याचा रिसीव्हर न बदलता पुढच्या जोडीसाठी ४ ओहमला चालणारा दोन चॅनेलचा वेगळा पॉवर अँप्लिफायर जोडणे मला अधिक योग्य वाटते.