सबमिशन आणि परीक्षेच्या दिवसांत खोलीवर राहणाऱ्या मुलाने साधं, पोटभर कसं जेवावं?

तू लिहिलं आहेस की इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, नवी मुंबईत कोपरखैरण्याला तिघं मिळून खोली घेतली आहे, मेस रात्री नऊला बंद होते, आणि महिनाभर वडापाव-नूडल्सवर काढल्याने आता ॲसिडिटीने हैराण आहेस. मी नेरूळला ४ वर्षं अशाच खोलीत काढली. वयाने मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो.

रोज रात्री दहाला "आज काय खायचं?" यावर अर्धा तास जातो आणि शेवटी फोनवरून काहीतरी मागवलं जातं. हा प्रश्नच काढून टाक. पेपर संपेपर्यंत रात्री मुगाची खिचडी, रोज. कंटाळा येईल असं वाटतं, पण दमून आल्यावर गरम खिचडीचा कंटाळा येत नाही. आम्ही दोन-दोन महिने खाल्ली आहे.

त्यासाठी एक ३ लिटरचा कुकर पुरे. इंडक्शन वापरणार असाल तर तळ इंडक्शनचा आहे का ते दुकानातच विचारून घे, साधा ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. गॅसला घरमालकाची हरकत नसेल तर ५ किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

तिघांसाठी दीड वाटी तांदूळ आणि एक वाटी पिवळी मूगडाळ. तीन पाणी धुऊन घे. कुकरमध्येच दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, असेल तर कढीपत्ता. मग डाळ-तांदूळ टाकून मिनिटभर परतून घे, डाळीचा खमंग वास सुटला की आठ वाट्या पाणी आणि मीठ. एखादा बटाटा, गाजर, मूठभर मटार, जे असेल ते घाल. तीन शिट्ट्या, मग गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरू दे. या दहा मिनिटांतच खिचडी मऊ होते, घाईत शिट्टी उचलून वाफ काढलीस तर डाळ दाताखाली येते. मूगडाळच सांगतो कारण ती न भिजवता शिजते आणि पोटाला हलकी. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे दोन घटक. तांदळात लायसिन कमी असतं ते डाळीत आहे, डाळीत मेथिओनिन कमी असतं ते तांदळात, त्यामुळे नुसत्या भातापेक्षा हे खरंच पुरं जेवण आहे. वरून तूप घे. तिथे काटकसर करू नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी केलेला भात रात्री खायचा नाही. तिसऱ्या वर्षी पेपरच्या आदल्या दिवशी मी सकाळीच कुकर लावून ठेवला, वेळ वाचेल म्हणून. फ्रीज नव्हता. रात्री वास ठीक होता, गरम करून खाल्ला आणि दोनला उलट्या सुरू झाल्या. शेजारच्या काकू मीठ-साखरेचं पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अरे बाळा, या उकाड्यात भात टिकतो का? मला विचारायचंस तरी." पेपर दिला, पण हातात पेन धरवत नव्हतं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात उष्ण हवेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. फ्रीज असेल तर उरलेलं ताटात पसरून निववून दोन तासांच्या आत त्यात ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव. नसेल तर मोजकंच कर.

दुपारचं मेसला होत असेल तर होऊ दे. सकाळी मात्र रिकाम्या पोटी चहा घेऊन लोकल पकडू नकोस, तुझी ॲसिडिटी बहुधा तिथूनच सुरू होते. दोन उकडलेली अंडी, नाहीतर केळं आणि मूठभर शेंगदाणे. अंडी खात नसशील तर मूग दिवसभर भिजवून रात्री फडक्यात बांधून ठेव, आपल्याकडच्या दमट हवेत सकाळपर्यंत मोड दिसतात. कांदा, लिंबू, मीठ घालून खा. बॅगेत फुटाणे आणि राजगिऱ्याचे लाडू असू देत, प्रॅक्टिकल लांबलं की तेच उपयोगी पडतात.

आईला फोन करून मेतकूट मागव. माझ्या रूम पार्टनरच्या आईने हॉर्लिक्सच्या जुन्या बरणीत ठासून भरून पाठवलं होतं, झाकणाखाली प्लॅस्टिक लावून. खिचडीचंही त्राण नसेल त्या रात्री मऊ भात, तूप, मेतकूट. तेवढ्यावर शांत झोप लागते. भाकरी-पोळीची इच्छा झाली तर जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून घे, या दिवसांत कणीक मळत बसू नकोस.

सामानासाठी तुर्भ्याच्या एपीएमसी बाजारात धावू नका. जवळ आहे खरं, पण तिथला व्यवहार घाऊक. तिघांना लागतं किती! सेक्टरमधल्या वाण्याकडून पंधरा दिवसांचं एकदम भरा.

आणि कुकर घरून जुना आणणार असशील तर झाकणाची रिंग आधी बदलून घे. ती सैल असली की बाजूने वाफ जाते, शिट्टी होत नाही आणि वाट बघता बघता खिचडी खाली लागते.