वाचक विचारतात: डोंगरातल्या रेसचा मोसम कसा आखायचा?

प्रश्न: मी कोल्हापूरचा, वय 36. रस्त्यावरच्या हाफ मॅरेथॉन बऱ्याच पळून झाल्यात. यंदा सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन, ऑक्टोबरच्या सुमाराला कर्नाटकातली 50 किमीची मलनाड, डिसेंबरात 53 किमीची एसआरटी आणि पुढे फेब्रुवारीत अजून एक असं ठरवतोय. चारही नीट जमतील का? आठवड्याला साधारण 50 किमी होतात.

उत्तर: दादा, जमतील, पण चारही रेस म्हणून पळायच्या नाहीत. एक निवडा जिच्यासाठी जीव लावायचा, बाकीच्या तिच्या तयारीसाठी. तुमच्या यादीत ती एसआरटी असावी असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण सिंहगड-राजगड-तोरणा ही वाट आपल्या सह्याद्रीतली आहे आणि ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटेवर, जे काही शिकायचं ते सगळं तिथे एका दिवसात समोर येतं.

आधी किलोमीटर मोजायची सवय सोडा. ट्रेलवाल्यांचा एक सोपा हिशोब आहे, दर 100 मीटर चढाईला 1 किमी जास्तीचा धरायचा, म्हणजे 25 किमीच्या रेसमध्ये 1500 मीटर चढ असेल तर ती 40 ची समजायची. तुमचे आठवड्याचे 50 जर सगळे सपाट रस्त्यावरचे असतील तर या हिशोबात ते 50 च राहतात, आणि तेच 35 किमी पन्हाळ्याच्या, जोतिबाच्या डोंगरात केले तर कदाचित त्याहून जास्त भरतील.

आता जमीन बघा, कारण नावं दिलेल्या तिन्ही ठिकाणी ती वेगळी आहे. सातारा हिल ही डांबरी रस्त्यावरची, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच रस्त्याने उतरायचं, त्यामुळे दम किती आहे ते कळतं पण पाय कुठे ठेवायचा याचा सराव काही होत नाही. मलनाडमध्ये चिकमगळूरकडचे कॉफीचे मळे, जीपचे कच्चे रस्ते, वर-खाली वर-खाली चालूच, परतीचा पाऊस असेल तर चिखल आणि जळवा (मोजे लांब घाला आणि मिठाची पुडी ठेवा). तिथे पळायला बरंच मिळतं, म्हणून सगळे सुरुवातीला जोरात सुटतात आणि 30 किमीनंतर चालायला लागतात.

एसआरटीत मात्र पळणं कमी आणि चढणं-उतरणं जास्त. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, वाटेवर मुरमाचा घसारा झालेला असतो, खाली कातळ आणि वर बारीक खडे, तिथे नुसती बुटाची ग्रिप कामाला येत नाही, गुडघे थोडे वाकलेले, अंग किंचित पुढे आणि पावलं छोटी छोटी भराभर टाकायची असं जमायला हवं. घाबरून मागे रेललात की टाच सटकते आणि माणूस बसलाच म्हणून समजा. राजगडावरून तोरण्याकडे जाताना जी डोंगराची सोंड लागते तिथे ऊन चढलेलं असतं, सावली तुटक, आणि पुढे बुधला माचीकडचा चढ मांड्या पार संपल्यावर येतो. चढाने माणूस दमतो पण रेस बिघडते ती उतारावर, कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि त्यात त्यांचे धागे दुखावतात. चांगली गोष्ट ही की एकदा सणकून उतार पळून दोन-तीन दिवस पाय दुखले की पुढच्या वेळी तेच स्नायू बरंच सोसतात, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून नोव्हेंबरात दोन-तीन वेळा मोठा उतार पळाच, शेवटचा रेसच्या आधी दोन आठवडे तरी सोडून.

मलनाड झाल्यावर तीन आठवडे घाई करू नका, आणि फेब्रुवारीतल्या रेसचे पैसे एसआरटी होऊन पाय मोकळे झाल्याशिवाय भरू नका.

प्रश्न: मी ठाण्याची, 41 वर्षांची. रेस पाच तासांच्या पुढे गेली की मला जेल (ताकदीसाठी खायचं पाकिटातलं गोड, घट्ट मिश्रण) नकोसं होतं, मळमळतं. मागच्या रेसला भरपूर पाणी पिऊनही डोकं दुखत होतं आणि बोटं सुजली होती. मैत्रीण म्हणते आधीच पेनकिलर घे.

उत्तर: ताई, पेनकिलर अजिबात नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि तासन्‌तास उन्हात पळताना तो आधीच कमी झालेला असतो. भरपूर पाणी "पिऊनही" नाही, भरपूर पाणी प्यायल्यामुळेच तसं झालं असण्याची शक्यता मोठी आहे. नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, मग अंगठी घट्ट होते, घड्याळाचा पट्टा रुततो, डोकं दुखतं, मळमळतं, आणि हे वाढलं तर माणूस असंबद्ध बोलायला लागतो, जिवावर बेततं. तहान लागेल तेवढंच प्या. असं परत झालं तर पळत राहू नका, मेडिकल टीमला गाठा, आणि पुढच्या रेसआधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. ओआरएसचं पाकीट 1 लिटरचं असेल तर 1 लिटरमध्येच घाला, अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यायलात तर पोट अजून बिघडेल.

जेल नकोसं होतं कारण एवढं गोड तोंडाला किती वेळ चालणार! मीठ लावलेला उकडलेला बटाटा खाऊन बघा, 100 ग्रॅममध्ये साधारण 20 ग्रॅम कर्ब (कर्बोदकं) मिळतात आणि तासाला तुम्हाला 30 ते 60 लागतात, म्हणजे बटाटा, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, मध्येच एखादं जेल असं फिरवत राहा. चढावर चालतानाच खायचं, उतारावर पोट हिंदकळतं. आणि हे सगळं रविवारच्या लाँग रनला आधी करून बघायचं.

प्रश्न: सर, मी पुण्यात शिकतो, 20 वर्षांचा आहे. अमेरिकेची धावपटू कोर्टनी डॉवॉल्टर हिने एकाच मोसमात तीन मोठ्या रेस जिंकल्या ते वाचलं. मला यूटीएमबीला (आल्प्समधल्या मों ब्लां डोंगराभोवतीची मोठी रेस) जायचंय, किती वर्षं लागतील?

उत्तर: ते 2023 साल. जूनच्या शेवटी कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स, जुलैत कोलोरॅडोतली हार्डरॉक आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला यूटीएमबी, तिन्ही 100 मैल किंवा त्याच्या पुढच्या, एकाच उन्हाळ्यात तिन्ही जिंकणारी ती पहिलीच. बघ, एकीकडे दऱ्यांमधली भाजणारी गरमी, दुसरीकडे 4,200 मीटरच्या वरची विरळ हवा, तिसरीकडे आल्प्समधली रात्र. याच्यामागे वर्षानुवर्षांचं पळणं आहे. त्यामुळे आत्ता 25 किमी पळ, पुढच्या वर्षी 50, वय तुझ्या बाजूने आहे.

यूटीएमबीसाठी त्यांच्या मालिकेतल्या रेस पूर्ण करून रनिंग स्टोन (म्हणजे प्रवेशासाठीचे गुण) मिळवावे लागतात, मग लॉटरी. आपल्याला जवळची म्हणजे थायलंडमधली डोई इंथानोन, डिसेंबरात असते. आणि थेट 170 किमीवर उडी मारू नकोस, त्याच आठवड्यात, यूटीएमबी जिथे होते त्या फ्रान्समधल्या शामोनीला ओसीसी आणि सीसीसी या छोट्या रेस पण असतात, साधारण 55 ते 60 आणि 100 किमीच्या.

प्रश्न: माझं गाव वेल्हे भागात. रेसवाले आमच्या बांधावरून जातात, हरभरा तुडवतात, जेलची पाकिटं गुरांच्या वाटेवर पडतात. पळणाऱ्यांना काही सांगा.

उत्तर: दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, आणि राग अगदी रास्त आहे. पळणाऱ्यांनो, पाकिटाचा फाडलेला तुकडासुद्धा खिशातच गेला पाहिजे, गुरं तो चाऱ्याबरोबर गिळतात. पुढचा कितीही हळू असला तरी पिकात उतरून ओव्हरटेक करायचं नाही. दादा, तुम्ही ग्रामपंचायतीतर्फे आयोजकांना मोसमाच्या आधीच लेखी कळवा: वाट कोणत्या बांधावरून न्यायची ते गावासोबत फिरून ठरवा, शेवटच्या रनरच्या मागे कचरा आणि खुणेच्या रिबिनी गोळा करणारी माणसं त्याच दिवशी पाठवा, आणि वाटेतल्या चहा-पोह्यांचं, भाकरीचं काम गावातल्या बचत गटाला पैसे देऊन द्या. नुकसान झालं तर त्याच दिवशी फोटो काढून ठेवा.