हजार कॅलरींचा हट्ट सोड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन महिन्यांत दहा किलो उतरवायचे, त्यासाठी रोज हजार कॅलरी खायच्या, आणि मी फक्त 'चालेल' म्हणायचं, असा एकंदर बेत दिसतो. नाही चालणार. पण नुसतं दटावून तू ऐकणार नाहीस, म्हणून हिशेबच मांडते.

एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. दहा किलोंच्या झाल्या ७७,०००. साठ दिवसांनी भागलंस तर रोज जवळजवळ १,२८० कॅलरींची तूट पडायला हवी. आता तुझं शरीर दिवसाला मुळात खर्च किती करतं ते बघू. मिफ्लिन-सेंट जिओर नावाचं १९९० सालचं एक सूत्र आहे, आहारतज्ज्ञ बहुतेक वेळा तेच वापरतात. किलोतल्या वजनाला १० ने गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने, दोन्हींची बेरीज करायची आणि त्यातून वयाची पाचपट वजा करायची. शेवटी पुरुष असेल तर ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. तुझं वजन ७२, उंची १६२, वय २४. उत्तर येतं साधारण १,४५०. दिवसभर अंथरुणात पडून राहिलीस तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना चालू राहायला एवढं लागतंच.

त्यावर हालचालीचा गुणक लावायचा. दिवसभर बसून काम असेल तर १.२, थोडाफार व्यायाम असेल तर १.३७५, आठवड्यातले बरेच दिवस नेटाने व्यायाम असेल तर १.५५. तू 'बहुतेक दिवस चालते' असं लिहिलंस. त्या 'बहुतेक'चा अर्थ मला कळतो. त्यामुळे तुझा खर्च १,७४० ते २,००० यांच्या दरम्यान कुठेतरी असेल. मधला १,८५० धरू.

आता १,८५० मधून १,२८० वजा कर. दिवसाला खायला उरतात ५७०. म्हणजे तुझी तारीख पाळायची तर हजारानेही भागत नाही. ८०० किंवा त्याहून कमी कॅलरींचा आहार वैद्यकात आहे, नाही असं नाही, पण तो निवडक रुग्णांना, ठरावीक मुदतीसाठी, वरचेवर तपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. मोबाइलवरचं अॅप उघडून आपला आपण सुरू करायचा तो प्रकार नव्हे.

मग हजारच खाऊन थोडा उशीर झाला तर काय बिघडलं, असं तू म्हणशील. बिघडतं ते असं. एवढ्याशा अन्नात लोह, कॅल्शियम, प्रथिनं, आवश्यक स्निग्धांश हे सगळं रोजच्या रोज बसवणं अनुभवी आहारतज्ज्ञालाही जड जातं. तूट फार मोठी झाली की शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला काढतं. वजन फार झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. केस गळतात, थंडी सोसत नाही, पाळी लांबते किंवा थांबते. पाळी थांबली की काही मुलींना 'एक कटकट गेली' असं वाटतं. शरीर काटकसरीवर आल्याची ती खूण असते आणि हाडांना त्याची किंमत मोजावी लागते.

उपाशी शरीर मनाशी काय करतं याची एक जुनी नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. रोजचं अन्न सरासरी दीड हजार कॅलरींच्या आसपास, वर भरपूर चालणं. सगळे स्वतःहून पुढे आलेले आणि चाचण्या करून निवडलेले होते. त्यांचं वजन साधारण पाव हिश्शाने उतरलं. पण नोंदींमध्ये खरं लक्षात राहतं ते दुसरंच. हे तरुण चिडके झाले, एकलकोंडे झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. त्यांच्यातले काही पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. निग्रहात ही माणसं कुणाला हार जाणारी नव्हती. तेव्हा तू जे लिहिलंस, 'माझ्यात मनाची ताकद कमी आहे', ते मला मान्य नाही. आकडा चुकीचा असला की ताकद कुणाचीच पुरत नाही.

आता आकडा कुठला, ते सांगते. खर्चाच्या १५ ते २५ टक्के तूट बहुतेकांना झेपते. १,८५० च्या हिशेबाने तुझ्यासाठी चारशेची तूट धरू, म्हणजे रोज १,४५०. अमेरिकेतल्या हृदयरोग आणि स्थूलता या विषयांवरच्या संस्थांनी २०१३ साली मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात बायकांसाठी १,२०० ते १,५०० आणि पुरुषांसाठी १,५०० ते १,८०० अशी पट्टी आहे. तू त्यात बसतेस. १,२०० चं मात्र एक विचित्र झालं आहे. जो तो तोच आकडा उचलतो, का, तर परवानगी असलेला सगळ्यात लहान आकडा तोच. ज्या बाईची उंची कमी, वय जास्त आणि खर्चच मुळात सोळाशेच्या आसपास, तिच्यासाठी तो ठीक. चोवीस वर्षांच्या, रोज कामावर जाणाऱ्या मुलीने तो तळ आहे एवढंच लक्षात ठेवावं आणि त्याच्या वर राहावं.

या गतीने आठवड्याला किलोच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त उतरेल. कागदावर दहा किलोंना २८ आठवडे. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण वजन उतरतं तसा खर्चही उतरतो. तू ६२ किलोंची झालीस की नुसतं पडून राहण्याचाच खर्च रोज शंभर कॅलरींनी कमी झालेला असेल, शिवाय कमी खाणारं माणूस नकळत कमी हलतं. आज चारशेची असलेली तूट तेव्हा अडीचशेच्या घरात येईल. ७,७०० चा भागाकार शेवटपर्यंत सरळ चालत नाही, म्हणून अॅप जी तारीख दाखवतं ती नेहमी जवळची असते. तू नऊ-दहा महिने धर. मात्र फायदा दिसायला एवढं थांबावं लागत नाही. ज्यांचा रक्तदाब किंवा साखर वाढलेली असते, त्यांच्यात वजनाच्या पाच टक्क्यांनीच फरक पडू लागतो. तुझे पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोंच्या जरा वर.

तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २७ च्या थोडा वर येतो, म्हणून मी हा हिशेब मांडायला तरी बसले. तुझी ती मैत्रीण, जिने हजारचा सल्ला दिला, तिचा २० असेल तर तिला मी कुठलाच आकडा देणार नाही. तिला तसं सांग, माझं नाव घेऊन सांग.

सूत्राने आलेलं उत्तर हा अंदाज आहे. बऱ्याच जणांच्या बाबतीत तो दहा टक्क्यांच्या आत बरोबर येतो, काहींच्या बाबतीत नाही. म्हणून पहिले दोन आठवडे काहीही कमी करू नकोस. नेहमीसारखं खा, खाल्लेलं लिही, सकाळी उठल्यावर काही खाण्यापिण्याआधी वजन कर. वजन जागच्या जागी राहिलं तर वहीतली सरासरी हाच तुझा खर्च. इथे बहुतेक सगळे फसतात. समजा वहीत सरासरी १,३०० आली आणि वजन हलत नाही. लगेच निष्कर्ष काढला जातो की माझी चयापचय क्रिया मंदावली आहे, मला ९०० वर यायला हवं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 'आम्ही १,२०० च्या आत खातो, तरी वजन उतरत नाही' असं सांगणारी माणसं तपासली गेली. त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेइतकाच निघाला. खाणं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्क्यांनी कमी नोंदवलेलं होतं. ती खोटारडी होती असं नाही, मोजदादच अशी निसटते. तेव्हा वहीत १,३०० दिसले तर कपात करायची नाही, आधी वही दुरुस्त करायची.

निसटतं कुठे? तेलात, पहिलं. पोह्याच्या मोठ्या चमच्याएवढं तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि ओतताना ते कुणी मोजत नाही. एक ग्रॅम प्रथिनात किंवा पिष्टमय पदार्थात ४ कॅलरी असतात, चरबीत ९. म्हणून सुकामेवा मूठभर आणि अर्धी मूठ यांत फरक पडतो. मग गोड पेयं, स्वयंपाक करताना चाखलेलं, आणि सुट्टीचे दोन दिवस, ज्यांची नोंद सोमवारी आठवून लिहिली जाते.

हातातल्या घड्याळावर विसंबू नकोस. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके त्यातल्या बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरींच्या खर्चात सगळ्यात अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं. घड्याळ म्हणालं तीनशे जाळल्या म्हणून तीनशे जास्त खायच्या, हा हिशेब करू नकोस. तुझं चालणं गुणकात आधीच धरलेलं आहे.

काट्याबद्दल. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नकोस. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर वापरली जाते, तिच्याबरोबर तिच्या तिप्पट पाणी बाहेर पडतं, ते वजन असतं. उलट पाळीच्या आधी पाणी साठून किलोभर वाढलेलं दिसेल. एका दिवसाचं वजन दुसऱ्या दिवसाशी ताडून बघू नकोस. आठवड्याची सरासरी काढ आणि ती गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी लाव. चार आठवडे सरासरी हललीच नाही आणि वही स्वच्छ आहे, तर शंभर कॅलरी कमी कर किंवा रोजचं चालणं वीस मिनिटांनी वाढव. मी चालणं वाढवायला सांगेन. आणि पहिले दोन-तीन आठवडे सरल्यावरही आठवड्याला सातशे ग्रॅमपेक्षा जास्त उतरत राहिलं, तर शंभर-दीडशे कॅलरी वाढवायच्या. हे कुणी करत नाही. खाली जाणारा काटा बघून सगळ्यांना वाटतं, छान चाललंय. तू कर.

प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे तुला रोज ८५ ते ११५ ग्रॅम, मूत्रपिंडाचा काही त्रास नसेल तर. आठवड्यातून दोनदा वजनं उचल किंवा निदान उठाबशा, जोर असं काही कर, म्हणजे स्नायू टिकतील. बाकी कुठल्या वेळी खावं, किती वेळा खावं, यावर तू अर्धं पान लिहिलंस, ते मी सोडून देते. तुला जमेल तसं.

सुरू करण्याआधी एकदा डॉक्टरांना भेटून हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर एवढं बघून घे. कुणी इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधं घेत असेल, तर जेवण कमी केल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. तिथे औषधाची मात्रा आधी ठरते, कॅलरी नंतर. अठराच्या आतली मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका यांनी तर असल्या आकड्यांच्या वाटेला आपलं आपण जाऊच नये.

आणि आता तुझ्या पत्रातली ती एक ओळ. शेवटी, घाईत लिहिल्यासारखी: 'गेल्या वर्षी काही दिवस रात्रीचं जेवण बंद केलं होतं, पण मग एकदा सुटलं की थांबताच येत नव्हतं.' ही ओळ तू सहज टाकलीस की मुद्दाम, ते माहीत नाही. मला थोडं विचारायचं आहे. हे आठवड्यातून किती वेळा व्हायचं? त्यानंतर उलटी काढणं, रेचक घेणं किंवा दुसऱ्या दिवशी पूर्ण उपाशी राहणं असं काही केलंस का? कुणापासून लपवून खाल्लंस का? तेव्हा पाळी नियमित होती का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो, तसं झालं' किंवा 'नाही, पाळी चुकत होती' असं असेल, तर वरचा १,४५० तुझ्यासाठी नाही, आणि वहीही नाही. अशा वेळी मोजदाद करणं हाच आजाराला खतपाणी घालण्याचा प्रकार होतो. मग आधी खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचं, वजनाचं पुढे बघू. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, आणि पहिल्या भेटीला मी बरोबर येईन.

उत्तर पत्राने नको, फोन कर. रात्री नऊनंतर मी मोकळी असते. तोवर वजनकाटा कपाटात राहू दे आणि रात्रीचं जेवण चुकवू नकोस.

कळावे.