चमत्कार नव्हे, गोळा हलका झाला होता

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : नमस्कार बाई. माझी आजी गेल्या महिन्यात वारली, वय ८९. माहेर आंध्रातल्या ओंगोलकडचं, तेलुगू बाप्टिस्ट ख्रिस्ती घर. आजोबा रेल्वेत होते, म्हणून १९५७ साली लग्न होऊन ती सोलापुरात आली आणि नगरपालिकेच्या तेलुगू शाळेत शिक्षिका झाली. पहाटे चारला उठून बायबल वाचायची, मग पांढऱ्या साडीचा पदर खोचून अंगणात दंडबैठका काढायची. गोळाफेक हा तिचा खेळ.

स्मरणसभेत तिच्याविषयी मी बोलायचं ठरलंय. पण मोठ्या काकांनी मुद्दे लिहून दिलेत. सुरुवात १८७८ च्या ओंगोलच्या बाप्तिस्म्यांपासून करायची. १९६१ साली एका स्पर्धेची अंतिम फेरी रविवारी, म्हणजे उपासनेच्या दिवशी आली म्हणून आजी उतरली नाही, तो तिचा त्याग सांगायचा. आणि ७४ व्या वर्षी ४.९० मीटर फेकणारी आजी ७७ व्या वर्षी ५.६० मीटर फेकते, हा प्रभूचा चमत्कार म्हणायचं. मात्र सत्तरीनंतर ती ज्येष्ठांच्या स्पर्धांत रविवारीही उतरायची, हे बोलायचं नाही. एकदा मी तिला त्याबद्दल विचारलं होतं. म्हणाली, "उपासना सकाळी असते, गोळा दुपारी." कबरीवर 'धाव संपवली आहे' हे बायबलमधलं वचन कोरायचं ठरलंय. मी काय करू?
– एक नात, सोलापूर

उत्तर : पोरी, आधी चमत्काराचं बघू, कारण ते माझ्या हद्दीतलं आहे. पार्क मैदानावर फेकीच्या स्पर्धांना मी वर्षानुवर्षं टेप धरून उभी राहिले आहे. ज्येष्ठांच्या स्पर्धांत बायकांचा गोळा वयाप्रमाणे हलका होत जातो. एकोणपन्नासपर्यंत चार किलो, पन्नास ते चौऱ्याहत्तर तीन किलो आणि पंचाहत्तरीपासून दोन किलो. तुझ्या आजीने ४.९० मीटर फेकला तो तीन किलोचा आणि ५.६० मीटर फेकला तो दोन किलोचा. सभेत माझ्यासारखी एखादी टेपवाली बसलेली असली तर काकांचा चमत्कार तिथेच आडवा होईल! तेव्हा आकड्यांसोबत वजन सांग. सत्त्याहत्तराव्या वर्षी रिंगणात उभं राहून, मानेला गोळा टेकवून, फाऊल न करता तो ढकलणं, यात सांगण्याजोगं पुष्कळ आहे.

१८७८ ची गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. मोठा दुष्काळ पडला होता. मिशनरी जॉन क्लाऊ यांनी बकिंगहॅम कालव्याच्या एका तुकड्याचं काम अंगावर घेऊन हजारो लोकांना मजुरी दिली. पण ते काम चालू होतं तोवर त्यांनी कोणाला बाप्तिस्मा दिला नाही, लोक भाकरीसाठी येतील म्हणून. काम संपल्यावर ३ जुलैला गुंडलकम्मा नदीत एका दिवसात २,२२२ जणांचे बाप्तिस्मे झाले. पण आजीचा जन्म त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी झाला. या गोष्टीला दोन वाक्यं दे आणि पुढे सरक. नाहीतर काकांच्या भाषणात आजी जन्माला येईपर्यंत चहा गार होईल.

त्यापेक्षा आजीच्या स्वतःच्या बाप्तिस्म्याची तारीख शोध. मंडळीच्या म्हणजे चर्चच्या नोंदीत सापडेल, नाहीतर तिच्या बायबलच्या पहिल्या पानावर. आपल्या सोलापुरातल्या जुन्या मराठी मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, काँग्रिगेशनल पंथाच्या वळणाच्या. आमच्यात तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मी पाळण्यात होते, मला कोण विचारणार? बाप्टिस्टांचं तसं नसतं. आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा, मग पाण्यात पूर्ण बुडून वर यायचं. म्हणजे तुझ्या आजीच्या आयुष्यात हा दिवस तिने स्वतः निवडलेला आहे. जन्मतारखेच्या शेजारी ती तारीख यायलाच हवी.

आणि रविवारच्या दोन्ही गोष्टीही मला याच धाग्यातल्या वाटतात. बाप्टिस्टांमध्ये मंडळीच्या डोक्यावर बिशप नसतो. देवापुढे ज्याने त्याने स्वतः उभं राहून उत्तर द्यायचं, हे त्यांचं जुनं तत्त्व. १९६१ साली आजीला 'जाऊ नको' असं पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, असं तुझ्या पत्रात कुठे नाही. सत्तरीनंतर 'जा' असंही कोणी सांगितलेलं दिसत नाही. दोन्ही वेळा तिने स्वतःच ठरवलं. मग काकांना एक गोष्ट भक्तीची आणि दुसरी लपवण्याची का वाटावी? मला तर दोन्हीकडे तीच बाई दिसते. पंचविशीत तिला पूर्ण दिवस द्यावासा वाटला, सत्तरीत सकाळ पुरेशी वाटली. इतकं आयुष्य जगलेल्या माणसाने मधल्या काळात एकदाही विचार बदलला नाही असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते फोटोच्या चौकटीतलं माणूस वाटतं.

'त्याग' या शब्दाला मात्र जप. असा विषय निघाला की कोणीतरी स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव काढतंच. १९२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी होत्या, म्हणून तो त्यात धावलाच नाही. चारशे मीटर धावला आणि सुवर्णपदक घेऊन आला. पुढच्या वर्षी मिशनरी म्हणून चीनला गेला, १९४५ साली तिथल्याच जपानी छावणीत वारला. थोर माणूस. पण त्याला वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी माहीत होतं, दुसऱ्या शर्यतीची तयारी करायला अवधी मिळाला. आजीपुढे दुसरी शर्यत नव्हती. तिचं ते वर्ष गेलं ते गेलंच. तेव्हा बक्षिसाचं शेपूट न जोडता तेवढंच सांग. आणि त्याला लागून, काकांची माफी मागून, तिचं ते दुपारच्या गोळ्याचं वाक्य तिच्याच शब्दांत म्हण. ती तेलुगूत म्हणाली असेल तर तेलुगूतच म्हण. सोलापुरातल्या सभेत निम्म्यांना कळेल, उरलेल्यांना शेजारचा सांगेल.

काका कदाचित बायबलमधल्या, पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय काढतील, शारीरिक कसरत थोडीच उपयोगी म्हणून. त्यांना नम्रपणे सांग, पौलाने 'थोडी' म्हटलंय, 'मुळीच नाही' असं म्हटलेलं नाही. हाच पौल ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिताना शर्यतीचे आणि मुष्टियुद्धाचे दाखले देतो, कारण करिंथजवळ इस्थमियाचे खेळ भरायचे आणि वाचणाऱ्यांना मैदान ठाऊक होतं.

कबरीवरच्या वचनाबद्दल माझं मत विचारशील तर, अग, ती कधी धावली होती? खेळाडू म्हटलं की आपल्याकडे धाव संपवून मोकळे होतात. तिच्या बायबलमध्ये पेन्सिलीने अधोरेखित केलेली वचनं असतील, त्यातलं एक घे. काका हट्टाला पेटले तर त्यांचंच कोरू दे. दगडावर काकांचा हक्क असला तरी भाषण तुझं आहे.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. शाळेत असताना गोळाफेक करायच्या. आता पुन्हा सुरू करायचं म्हणतात. घरात सगळे हसतात.
– एक सून, बार्शी

उत्तर : हसणाऱ्यांना मन कौर यांचं नाव सांगा. त्या त्र्याण्णवाव्या वर्षी मैदानात उतरल्या आणि २०१७ साली ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०१ व्या वर्षी शंभर मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. सासूबाईंना दोन किलोचा गोळा लागेल, पण तो लगेच हातात देऊ नका. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, खांदे आणि गुडघे तपासून घ्या. काही दिवस नुसतं उभ्याने हलका चेंडू ढकलू द्या. हात खांद्यामागे नेऊन भिरकावू देऊ नका, त्याने खांदा दुखावतो आणि स्पर्धेत तो फाऊलही धरतात. गट ठरतो स्पर्धेच्या पहिल्या दिवशी असलेल्या वयावरून. म्हणून नाव नोंदवण्याआधी जन्मतारखेचा कोणता कागद चालेल, ते आयोजकांना विचारून घ्या. त्या पिढीतल्या अनेकींची शाळेतली तारीख मास्तरांनीच अंदाजाने टाकलेली असते.