कळशी सुटली म्हणून तोल सावरला

प्रश्न : विहिरीकडून घरी येणारी आमची पाखाडी जांभ्या दगडाची. श्रावणात तिच्यावर शेवाळ धरतं. परवा कमरेवर भरलेली कळशी घेऊन येताना उजवा पाय सर्रकन पुढे गेला. कळशी सुटली, दोन्ही हात वर गेले आणि मी उभीच! काय झालं ते नंतर कळलं. पंधरा दिवसांपूर्वी सासूबाई तिथंच पडल्या, मनगट मोडलं. त्यांच्या एका हातात छत्री होती, दुसऱ्यात फुलांची परडी. मधुमेह जुना आहे. मी सावरले, त्या का पडल्या?
— एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : ताई, कळशीला पोचा आला असेल तर हळहळू नका. ती सुटली म्हणून हात मोकळे झाले.

टाच टेकताना पाय सटकला की पाऊल पुढं पळतं आणि धड मागं राहतं. घोट्याभोवतीचे स्नायू अचानक ताणले जातात, ती खबर मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे जाते आणि सुमारे 0.1 सेकंदात पायांचे स्नायू आवळतात. ‘आपण घसरलो’ हे उमजायला त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे ‘नंतर कळलं’ हे तुम्ही अगदी खरं लिहिलंत. पुढं पडायचा डावा पाय तुम्ही बहुधा मागच्या मागेच टेकवलात, आठवून बघा. हात वर फेकले गेल्यानं मागं जाणारं धड सावरलं. डोकं कुठल्या दिशेला आणि किती झपाट्यानं फिरलं, हे कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधल्या द्रवानं मेंदूला सांगितलं.

सासूबाईंचे दोन्ही हात अडकलेले होते. वयानं स्नायूंचा जोर आणि चपळाई कमी होतेच. त्यात जुन्या मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होऊ शकतात, मग खबरच धड निघत नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटला डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या तळाला नायलॉनचा बारीक तंतू टेकवते, तो वाकेपर्यंत. “लावा की,” असं कुणी म्हणालं, की माझ्या पोटात गोळा येतो. कारण तंतू तेव्हा लावलेलाच असतो.

पाखाडीवर आजच झावळ्या टाका, उघडीप मिळाली की शेवाळ खरवडून काढा. पावलं जवळजवळ आणि सपाट टाका. सासूबाईंचा एक हात नेहमी मोकळा हवा. परडी तुम्ही घ्या. आणि प्लास्टर काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना मनगटाबरोबर त्यांचे दोन्ही तळपायही तपासायला सांगा.