इलिनॉयमध्ये मतदानाचा हक्क नसताना ऑनलाइन पोकरसाठी आमदाराकडे दाद मागता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहता, एच-१बी व्हिसावर आहात आणि पोकर मनापासून खेळता. मिशिगनमधला मित्र घरी बसून कायदेशीर ऑनलाइन खेळतो, तुम्हाला मात्र डेस प्लेन्सच्या रिव्हर्स कसिनोपर्यंत गाडी काढावी लागते. मत देता येत नाही, तर आमदार ऐकेल का? आणि पूर्वी खेळाडूंची मोठी संघटना होती, तिचं काय झालं?

आमदार ऐकतो. मतदारसंघ आखताना नागरिक आणि बिगर-नागरिक अशी सगळी लोकसंख्या धरतात, म्हणजे तुम्ही त्याच्या हिशेबात आहातच. कार्यालयात फोन केलात की पत्ता आणि झिप कोड विचारतात, मतदार आहात का हे सहसा कोणी विचारत नाही. सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क घटनेच्या पहिल्या दुरुस्तीत आहे आणि तिथे शब्द ‘लोकांचा’ असा आहे. स्वतःचं मत, स्वतःच्या खर्चाने, कोणाकडून पैसे न घेता मांडत असाल तर लॉबिस्ट म्हणून नोंदणीही लागत नाही.

पैसा मात्र एक डॉलरही द्यायचा नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाने देशाच्या, राज्याच्या किंवा गावच्या कुठल्याही निवडणुकीत उमेदवाराला, पक्षाला किंवा निवडणूक निधीला देणगी देणं बेकायदा आहे. ‘पन्नास डॉलरचं तिकीट आहे, आमदार भेटतील’ असं म्हणून कोणी फंडरेझरला बोलावलं, तर ते तिकीट ही देणगीच. विनामोबदला पत्रकं वाटणं, फोन करणं चालतं. संघटनेकडून मानधन घेऊ नका, एच-१बी वर ते परवानगी नसलेलं काम ठरू शकतं.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. परदेशी साइटवर खेळत असाल तर आधी थांबा. इलिनॉयच्या फौजदारी कायद्यातलं जुगाराचं कलम २८-१ खेळणाऱ्यालाही लागू होतं. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्य तपासताना जुगाराचे दोन गुन्हे सिद्ध झालेले असले किंवा उत्पन्न मुख्यतः बेकायदा जुगारातून येत असलं तर अर्ज अडतो. विधिमंडळाच्या समितीपुढे लेखी दिलेला मजकूर सार्वजनिक दप्तरात जातो, एवढं लक्षात ठेवून लिहा.

आता संघटनेबद्दल. पोकर प्लेयर्स अलायन्स २००५ साली सुरू झाली. १३ ऑक्टोबर २००६ रोजी बंदरांच्या सुरक्षेच्या कायद्याला जोडून ऑनलाइन जुगाराचे पैसे स्वीकारण्यावर बंदी आली, आणि खेळाडू तिच्याकडे लोटले. न्यूयॉर्कचे माजी सिनेटर अल डमाटो तिचे अध्यक्ष झाले. सदस्यत्व फुकट होतं आणि सदस्यसंख्या दहा लाखांच्या घरात सांगितली जायची. जुलै २०१० मध्ये काँग्रेस सदस्य बार्नी फ्रँक यांचं ऑनलाइन जुगाराला परवाना देणारं विधेयक अमेरिकी काँग्रेसच्या हाउसच्या वित्त समितीत ४१ विरुद्ध २२ मतांनी मंजूर झालं. सभागृहात मात्र ते मतदानाला आलंच नाही. १५ एप्रिल २०११ ला न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि अब्सोल्यूट पोकर या ऑनलाइन पोकर साइट्सच्या चालकांवर आरोपपत्र ठेवलं, त्यांची डोमेन नावं जप्त केली. संघटनेचा मोठा निधी याच धंद्याकडून येत होता, त्यामुळे तोही आटत गेला. २०१८ मध्ये ती पोकर अलायन्स या नावाने नव्या हातात गेली.

यातून माझं मत असं झालं आहे की फुकट सदस्यांची यादी म्हणजे ताकद नव्हे. दहा लाख ईमेल पत्त्यांपेक्षा एका मतदारसंघातले, नाव-पत्त्यासह उभे राहणारे बारा जण आमदाराला जास्त खरे वाटतात. शिवाय संघटनेची बरीच शक्ती राजधानी वॉशिंग्टनमध्ये खर्च झाली आणि यश आलं ते राज्यांत: २०१३ मध्ये नेव्हाडा, डेलावेअर, न्यू जर्सी, नंतर पेनसिल्व्हेनिया, वेस्ट व्हर्जिनिया, मिशिगन. कोर्टाचा रस्ताही फारसा लाभला नाही. वॉशिंग्टन राज्याने २००६ मध्ये ऑनलाइन जुगार गंभीर गुन्हा ठरवला, तेव्हा तिथले पोकर खेळणारे वकील ली रूसो यांनी त्याला आव्हान दिलं. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला आणि धोरण ठरवणं हे विधिमंडळाचं काम असल्याचं सांगितलं. म्हणून तुमचं ठिकाण स्प्रिंगफील्ड, इलिनॉयची राजधानी.

तिथे काय बोलायचं? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकात रमीबद्दल दिलेल्या निकालापासून आपल्याकडे ‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द कानावर पडत आलेले असतात, त्यामुळे आपली मंडळी पहिलं वाक्य हेच बोलतात. इलिनॉयमध्ये त्याने काम होत नाही, कारण त्या २८-१ कलमातच ‘नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ’ असं लिहिलं आहे. न्यूयॉर्कच्या डिक्रिस्टिना खटल्यात न्यायाधीश वाइनस्टीन यांनी २०१२ मध्ये पोकर मुख्यतः कौशल्याचा असल्याचा निकाल दिला, तोही पुढच्याच वर्षी वरच्या कोर्टाने फिरवला. आमदाराला हा वाद सोडवण्यात रस नसतो. त्याला ‘खेळाडूचे पैसे बुडाले तर कोण जबाबदार’ हे पटकन कळतं.

त्यासाठी फुल टिल्टचे आकडे जवळ ठेवा. मार्च २०११ अखेर कंपनी खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होती, त्यातले १५ कोटींच्या आसपास अमेरिकेतल्या खेळाडूंचे, आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या शिलकीतल्या दर साडेसहा डॉलरमागे खरा डॉलर एकच होता. पोकरस्टार्सने न्याय खात्याशी तडजोड केल्यावर परतफेडीचा मार्ग निघाला, तरी अमेरिकी खेळाडूंच्या हातात पैसे पडायला २०१४ चा फेब्रुवारी उजाडला. परवानाधारक राज्यात खेळाडूंचे पैसे कंपनीच्या खर्चाच्या खात्यापासून वेगळे ठेवावे लागतात. हे वाक्य तुमच्या कागदावर सगळ्यात वर हवं.

इलिनॉयमध्ये ऑनलाइन कसिनो खेळांना परवाना देणारी विधेयकं पुन्हा पुन्हा आली आणि अडकली. ती वाचताना दोन गोष्टी तपासा. पोकरचं नाव स्पष्ट आहे का, आणि दुसऱ्या राज्यांशी करार करून एकत्र टेबलं लावायची मुभा आहे का. स्लॉट मशीन एका माणसावरही चालतं, पोकरला समोर माणसं लागतात. कनेक्टिकटने २०२१ मध्ये कायदा केला, पण छोटं राज्य आणि बाहेरच्या राज्यांशी जोडणी नाही, म्हणून तिथे पोकरची साइट उघडायला कोणी पुढे आलं नाही. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये कायदा केला आणि राज्यांच्या सामायिक करारात शिरायला एप्रिल २०२५ लागलं. मिशिगनने कराराची मुभा डिसेंबर २०२० मध्येच कायद्यात घातली, मे २०२२ मध्ये करार केला, आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथले खेळाडू न्यू जर्सीवाल्यांबरोबर एका टेबलावर बसले. हे कलम नंतर घालू म्हणून सोडलं की वर्षं जातात.

विरोध कुठून येतो तेही कळू द्या. इलिनॉयच्या बार आणि रेस्टॉरंटांत ४० हजारांहून जास्त व्हिडिओ गेमिंग मशीन, म्हणजे स्लॉटसारखी जुगाराची यंत्रं आहेत. ऑनलाइन कसिनो आला की गिऱ्हाईक घरी बसेल ही त्या धंद्याची भीती. त्यात पालिकांनाही वाटा मिळतो, म्हणून महापौरही नाखूश. पोकर त्यांचं गिऱ्हाईक फारसं पळवत नाही. न्यू जर्सीत ऑनलाइन कसिनोच्या शंभर डॉलर कमाईत पोकरचा वाटा एखाद-दुसरा डॉलर असतो. हाच आकडा मात्र महसूल वाढेल या तुमच्या दाव्याला मारक ठरतो, म्हणून पोकरमुळे तिजोरी भरेल असं चुकूनही म्हणू नका.

प्रत्यक्ष कामात इलिनॉयने एक सोपी सोय दिली आहे, विटनेस स्लिप, म्हणजे विधेयकाच्या बाजूने की विरोधात हे नोंदवायचा ऑनलाइन फॉर्म. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर समितीची सुनावणी लागली की त्या विधेयकासमोर स्लिप भरायची जागा येते. नाव, पत्ता, ईमेल भरायचं. ‘फर्म’ या चौकटीत लोक सवयीने नोकरीच्या कंपनीचं नाव टाकतात. तिथे ‘सेल्फ’ लिहा, नाहीतर तुमची कंपनी या विधेयकाच्या बाजूने आहे असा अर्थ निघतो आणि एचआरकडून फोन येतो. कोणाच्या वतीने या चौकटीतही ‘सेल्फ’. मग बाजूने असाल तर ‘प्रोपोनंट’. घाईत ‘ऑपोनंट’ वर टिचकी मारणारे असतात, पाठवण्याआधी एकदा बघा. शेवटी ‘रेकॉर्ड ऑफ अपिअरन्स ओन्ली’ (फक्त नोंद, साक्ष नाही) निवडलं की तीन-साडेतीन तास गाडी चालवून स्प्रिंगफील्डला जायची गरज नाही. विधेयकाला दुरुस्ती आली तर तिची स्लिप वेगळी भरावी लागते, आणि सुनावणी पुढे गेली तर नव्या तारखेला आपली नोंद आहे का ते पुन्हा तपासा. 

महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर माणसं शोधायला हरकत नाही, पण स्लिपवर मंडळाचं नाव घालू नका. अशा बहुतेक संस्था करमुक्त धर्मादाय असतात आणि त्यांच्या लॉबिंगवर मर्यादा आहे.

विधेयक सहसा राज्याच्या हाउसच्या रूल्स समितीत किंवा सिनेटच्या असाइनमेंट्स समितीत गुपचूप मरतं, तिथे मतदानही होत नाही. म्हणून सुनावणीची वाट न बघता शरद ऋतूतच आमदाराच्या स्थानिक कार्यालयात भेट मागा. वसंत अधिवेशन ३१ मे पर्यंत असतं आणि त्यानंतर मंजूर होऊन लगेच लागू होणाऱ्या विधेयकाला तीन-पंचमांश मतं लागतात, त्यामुळे मे महिन्यात कोणालाच वेळ नसतो. भेटीला तीन-चार जण, सगळे त्याच मतदारसंघातले, हातात एक पानी कागद, मागणी एकच. पंधरा मिनिटं धरा. आमदार नसले आणि सहायकच भेटला तरी निराश होऊ नका, टिपण तोच लिहितो.

कराचा मुद्दा इथेच मांडा, कारण तो आज कसिनोत खेळणाऱ्यालाही लागतो. समजा वर्षभरात जिंकलेल्या बैठकांचे ४०,००० डॉलर आणि हरलेल्यांचेही ४०,०००. हाती शून्य. इलिनॉय हौशी खेळाडूला तोट्याची वजावट देत नाही, म्हणजे ४.९५ टक्क्यांनी सुमारे १,९८० डॉलर कर. फेडरल करात २०२६ पासून तोट्याचे ९० टक्केच धरतात, तेही स्टँडर्ड डिडक्शन (ठरलेली सरसकट वजावट) सोडून एकेक वजावट मांडली तरच. म्हणजे ३६,००० वजा, उरलेल्या न कमावलेल्या ४,००० वर कर. पूर्ण वजावट परत आणण्यासाठी नेव्हाडाच्या प्रतिनिधी डीना टायटस यांनी जुलै २०२५ मध्ये फेअर बेट अ‍ॅक्ट मांडला. फोन करण्याआधी काँग्रेसच्या संकेतस्थळावर त्याची आजची स्थिती बघा, कारण दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस बसली की जुनी विधेयकं संपतात आणि क्रमांक बदलतात.

काँग्रेसमधल्या तुमच्या प्रतिनिधीच्या कार्यालयाला करायचा हा फोन अर्ध्या मिनिटाचा असावा: ‘मी शॉमबर्गचा रहिवासी, झिप ६०१९३. अमुक क्रमांकाच्या विधेयकाला प्रतिनिधींनी सह-प्रस्तावक व्हावं अशी विनंती आहे, कारण मला न झालेल्या कमाईवर कर भरावा लागतो.’ सहायक नाव लिहून घेईल आणि कळवतो म्हणेल. त्यावर फक्त विचारा, त्यांची भूमिका ठरली आहे की अजून विचारात आहे? उत्तर आणि सहायकाचं नाव तारखेसकट लिहून ठेवा. पुढचा फोन त्याच नावाने मागायचा.