उघड्या छपराच्या जुन्या हेराल्डचं दार नीट बसत नाही, काच अडकते. दुरुस्ती करू की दारच बदलू?

तुम्ही लिहिलंय की गाडी आजोबांची, दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. कधीतरी छप्पर काढून कापडी हूड लावलाय. ड्रायव्हरकडचं दार आदळल्याशिवाय लागत नाही, काच अर्ध्यावर अडकते आणि गॅरेजवाला म्हणतो दोन्ही दारं बदला. वाडीला आमचं बरीच वर्षं डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप होतं, त्या भरवशावर सांगतो: दारं बदलायची घाई करू नका. छप्पर नसलेल्या गाडीत दोष बहुतेक वेळा दारात नसून दार ज्या जागेत बसतं तिथे असतो.

छपराचं काम फक्त ऊन-पाऊस अडवायचं नसतं. दाराच्या पुढचा आणि मागचा खांब ते वरून एकमेकांपासून दूर धरून ठेवतं. ते गेलं की सगळा भार खालच्या चॅसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, येतो. ती गंजून मऊ झाली की गाडी मधोमध बसते आणि दोन्ही खांब वरच्या बाजूने एकमेकांकडे झुकतात. हेराल्ड मुळात इंग्लंडची ट्रायम्फ, 1959 ची. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ती 1961 पासून बनवली. चॅसी वेगळी आणि बॉडीचे भाग बोल्टने जोडलेले, छप्परसुद्धा. म्हणून ते काढणं सोपं जातं, आणि म्हणूनच दारांचा हा त्रासही.

आता घरीच तपासा. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी हवी. दार अर्धं उघडा, मागची कड दोन्ही हातांनी धरून वर उचला. कटकट आवाज करत हललं तर बिजागरीची पिन झिजलीय. अशा वेळी दाराचा मागचा खालचा कोपरा घासतो आणि कुलूप पकडीच्या खाली उतरतं. दार हलत नसेल तर ते लावून मागच्या खांबाजवळची फट बघा. वर चिमटलेली आणि खाली रुंद असेल तर दार निर्दोष आहे, गाडी बसलीय. खात्री करायची तर त्याच बाजूने एक कोपरा जॅकवर थोडासा उचला आणि फटीवर नजर ठेवा. डोळ्यांदेखत फट बदलली तर नवं दार लावूनही तेच होणार.

पिन झिजली असेल तर काम छोटं आहे, कोणताही बरा खरादवाला नवी पिन आणि ती ज्यात फिरते ते बुश करून देतो. गाडी बसली असेल तर खाली आडवं व्हा आणि चॅसीपासून बाजूला निघालेले जे हात बॉडीला धरतात, त्यांना स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर आधी तिथलं वेल्डिंग. पण एक गोष्ट डेंटरला बजावून सांगा: बोल्ट सैल करण्याआधी दाराच्या जागेत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पाइप आडवा टाकून वेल्डिंगचे टाके मारायचे. नाहीतर बॉडी वाकडी होते आणि पुन्हा सरळ येत नाही. चॅसी पक्की झाल्यावर बॉडी आणि चॅसीमधल्या पॅकिंगच्या पट्ट्या कमीजास्त करून फट जुळवायची. हे जुळवणं चाकांवरच करायचं, जॅकवर नाही. वेळखाऊ काम आहे, त्यामुळे गॅरेजवाल्याला दार बदला म्हणणंच सोयीचं वाटतं.

दाराचा खालचा पत्रा सडला असेल तर तेवढाच बदला. बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडलेला असतो, पाणी त्या दुमडीत साचतं आणि गंज तिथूनच चढतो. खालची चारेक इंची पट्टी कापून 20 गेजचा पत्रा लावायचा, मिग वेल्डिंगने लहान लहान टाके मारत, मध्ये थंड होऊ देत. एका दमात ओढलं की पत्रा लाटा धरतो आणि मग वर पुट्टीचे थर चढतात. पुट्टी भरलेलं दार चुंबक धरत नाही. काम ताब्यात घेताना खिशात एक चुंबक ठेवा.

दुसरं दार घ्यायचीच वेळ आली तर सावध. भारतात पुढे चार दारांचीही हेराल्ड आली. तिचं पुढचं दार आखूड, तुमच्या गाडीला ते बसणार नाही. भंगारवाला "तेच आहे भाऊ, घेऊन जा" म्हणेलच. टेप घेऊन जा.

काचेचं म्हणाल तर आपल्या उन्हाची करामत. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, उघड्यावर उभ्या गाडीचं रबर लाकडासारखं होतं आणि काच सरकते त्या खाचेतलं फेल्ट (जाड लोकरी पट्टी) आकसून काच आवळतं. दाराचं आतलं पॅनल काढा, खाचा साफ करून नवं फेल्ट लावा, काच वर-खाली करणाऱ्या मशीनला ग्रीस द्या. बहुतेक अडकणं इथेच संपतं. दाराच्या तळाची भोकंही तारेने मोकळी करा. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतंच, ते बाहेर पडायला वाट हवी.

काचच बदलायची असेल तर खिडकीच्या तावदानाची साधी काच कापून बसवू नका. नियमाने सेफ्टी ग्लास लागते आणि बाजूच्या काचेतून किमान 50 टक्के उजेड आरपार जायला हवा. टफन काच (भट्टीत तापवून कडक केलेली सेफ्टी ग्लास) तयार झाल्यावर कापता येत नाही, म्हणून आधी पुठ्ठ्याचा तंतोतंत नमुना, मग कापणं, घासणं, भोकं, आणि शेवटी भट्टी. हूडचं रबर काच बसवण्याआधी लावा. काच कुठे थांबायला हवी ते त्या रबरावरूनच ठरतं; उलट क्रमाने केलं तर पहिल्याच पावसात मांडीवर धार लागेल.

कागदांचं एक. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणी आहे, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात; पण गाडी मूळ रूपात लागते, चॅसी-बॉडीत मोठा फेरफार चालत नाही. तुमचं छप्पर निघालेलं असल्याने आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते आधी बघा आणि आरटीओत विचारूनच पुढे जा. काढलेलं छप्पर वाड्याच्या माळ्यावर वगैरे कुठे पडलं असेल तर शोधून ठेवा. आणि दार बदललंच तर जुनं भंगारात घालू नका. त्यातलं कुलूप, हँडल आणि काचेची मशीन नव्यात घालायला लागतील.